सायनोटाइपसाठी कागदाची तयारी: आधी खडू काढावा की आधी खळ द्यावी?

निळाई

सायनोटाइपचा, म्हणजे लोहाच्या रसायनांचा लेप दिलेल्या कागदावर उन्हाने उमटवलेल्या निळ्या चित्राचा, ठसा बिघडला की आपला पहिला संशय रसायनांवर जातो आणि दुसरा उन्हावर. निळा फिका आला तर ऊन कमी पडले, पांढऱ्या जागी पिवळट झाक राहिली तर फेरिसायनाइड जुने होते, निळा पाण्याबरोबर वाहून गेला तर धुताना घाई झाली, अशी उत्तरे आपल्याकडे तयार असतात. कागदाकडे बोट दाखवणारे थोडे, आणि तेही बहुधा एकच उपाय सांगतात, तो म्हणजे कागदाला जिलेटिनची खळ द्यावी, म्हणजे तो द्रावण फार शोषणार नाही. चर्चेचा हा धागा काढण्याचे कारण असे की खळ हा माझ्या मते दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न कागदात दडलेल्या खडूचा आहे, आणि तो सोडवल्याशिवाय दिलेली खळ बहुतेक वेळा वाया जाते.

जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये ही पद्धत शोधली तेव्हापासून तिचा गाभा बदललेला नाही. १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम हिरवे फेरिक अमोनियम सायट्रेट हे एक द्रावण, तितक्याच पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड हे दुसरे, आणि लेप देण्यापूर्वी दोन्ही समप्रमाणात एकत्र करायची, हे प्रमाण आजही सर्वत्र वापरले जाते. अतिनील किरणांनी फेरिक लोहाचे फेरस लोह होते, त्याचा फेरिसायनाइडशी संयोग होऊन प्रशियन निळा तयार होतो, आणि ज्या जागी ऊन पोहोचले नाही तिथली रसायने पाण्यात विरघळून निघून जातात. या रंगाला आम्ल चालते, पण आम्लारी मुळीच चालत नाही. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात निळा ठसा बुडवला की तो बघता बघता पिवळट तपकिरी होतो, हे टोनिंग, म्हणजे ठशाचा रंग बदलण्याचे काम, करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. कागदातला खडू हेच काम फार सावकाश करत असतो.

हा खडू तिथे चुकून आलेला नसतो. जलरंगाचे आणि छपाईचे चांगले कागद दीर्घकाळ टिकावेत, हवेतील आम्लाने ते पिवळे व ठिसूळ होऊ नयेत, म्हणून त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचा साठा मुद्दाम ठेवलेला असतो. टिकाऊ कागदासाठीचे आयएसओ ९७०६ हे मानक तर किमान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका साठा असावाच असे सांगते. त्यामुळे वेष्टनावर ‘आम्लरहित’ आणि ‘अभिलेखीय दर्जाचा’ असे शब्द वाचून आपण जितका महाग कागद घेतो, तितका तो सायनोटाइपला गैरसोयीचा ठरण्याची शक्यता वाढते. अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी १८४३ पासून समुद्रशैवालांचे ठसे काढले तेव्हा त्यांना ही अडचण नव्हती, कारण त्या काळच्या चिंध्यांच्या कागदाला जिलेटिनची खळ असे, पण त्यात असा हेतुपुरस्सर ठेवलेला खडूचा साठा नसे.

खडू आहे की नाही, हे पाहणे सोपे आहे. कागदाचा तुकडा फाडून त्याच्या फाटलेल्या कडेवर आम्लाचा एक थेंब टाकावा आणि भिंगातून पाहावे. तंतूंच्या मधून बारीक बुडबुडे वर येऊ लागले तर तो खडूच. पृष्ठभागावर टाकलेला थेंब फसवा असतो, कारण खळ घट्ट असेल तर आम्ल आत शिरायलाच वेळ लागतो.

उन्हाळी

निळाईताई, माझी अडचण अगदी हीच असावी असे वाटते, म्हणून सविस्तर लिहितो. मी सुती चिंध्यांपासून केलेला जाड हातकागद वापरतो. लेप देताना तो जागोजागी टिपकागदासारखा द्रावण शोषून घेतो आणि ठशावर गडद-फिक्या ढगांसारखे डाग येतात. धुताना निळ्याचा बराचसा भाग पाण्यात उतरतो आणि सावल्यांच्या जागी राखट निळा उरतो. काही ठिकाणी तर ऊन दाखवण्यापूर्वीच, अंधारात वाळत असताना, सुईच्या टोकाएवढे गडद निळे ठिपके उमटतात. यातले खडूचे किती आणि खळीचे किती, हे कसे ओळखावे? शिवाय घरी आम्ल वापरताना, विशेषतः फेरिसायनाइड जवळ असताना, काय काळजी घ्यावी?

रसायनी

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो टाळण्यासारखा नाही. फेरिसायनाइडमधील सायनाइड लोहाशी घट्ट बांधलेले असते आणि थंड, विरल आम्लाने ते सुटत नाही. मात्र तीव्र आम्ल आणि उष्णता एकत्र आल्यास हायड्रोजन सायनाइड हा प्राणघातक वायू निघू शकतो. म्हणून आम्लाची परात आणि लेपाची रसायने एका वेळी एका टेबलावर ठेवू नयेत. आम्लाचे काम एका दिवशी उरकून, कागद धुऊन वाळवून, लेपाचे काम दुसऱ्या दिवशी करावे. हातमोजे आणि चष्मा दोन्ही वेळी हवेत, आणि स्वयंपाकाची भांडी कोणत्याही वेळी नकोत.

आता आम्ल कोणते? माझी पसंती सल्फामिक आम्लाला आहे. ते स्फटिकरूप असते, त्याला वाफा येत नाहीत, बॉयलरमधील क्षारांचे थर काढण्यासाठी ते वापरले जात असल्याने औद्योगिक रसायनांच्या दुकानात ते सहज मिळते, आणि मुख्य म्हणजे खडूशी त्याची अभिक्रिया होऊन बनणारे कॅल्शियम सल्फामेट पाण्यात चांगले विरघळते. त्यामुळे ते कागदातून पूर्ण धुऊन निघते. सायट्रिक आम्ल, अर्थात लिंबूसत्व, अधिक निरुपद्रवी आहे, परंतु कॅल्शियम सायट्रेट कमी विद्राव्य असल्याने त्याचा काही भाग तंतूंत राहतो. ऑक्झॅलिक आम्लाने तर कॅल्शियम ऑक्झॅलेट बनते आणि ते जवळजवळ सगळेच कागदात उरते. निळ्याला त्याचा त्रास होत नाही, पण ते आम्ल विषारी आहे हे विसरू नये. व्हिनेगरने काम होते, मात्र रेंगाळत होते आणि खोलीभर वास सुटतो.

किती आम्ल लागते, याचा हिशेब एकदा मांडून ठेवलेला बरा. ३०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) ए-४ आकाराच्या कागदाचे वजन १९ ग्रॅमच्या आत-बाहेर भरते. त्यात २ टक्के खडू धरला तर तो ०.३७ ग्रॅमच्या आसपास होतो, आणि तेवढा खडू संपवायला सुमारे पाऊण ग्रॅम सल्फामिक आम्ल किंवा साधारण अर्धा ग्रॅम सायट्रिक आम्ल खर्ची पडते. १ लिटर पाण्यात ५० ग्रॅम सल्फामिक आम्ल घातले तर कागदोपत्री ६० हून अधिक पाने निघायला हवीत. प्रत्यक्षात शेवटची पाने अर्धवट राहतात, म्हणून त्याच्या निम्म्यावर थांबून द्रावण बदलावे. काही कागदांत २ टक्क्यांहून बराच जास्त खडू असतो, तेव्हा मोजणीपेक्षा बुडबुड्यांवर विश्वास ठेवणे चांगले.

पाने एकेक करून आत सोडावीत, परात हलवत राहावी, पाने उलटी-सुलटी करावीत. बुडबुडे थांबायला साधारण १५ ते ३० मिनिटे लागतात. त्यानंतर पाणी बदलत अर्धा तास धुणे आवश्यक आहे, कारण आम्ल कागदात तसेच ठेवले तर निळ्याला चालेल, पण तंतूंना चालणार नाही. द्रावण गरम करून घाई करण्यात अर्थ नाही. सल्फामिक आम्ल गरम पाण्यात हळूहळू विघटित होते.

लगदा

मी हातकागदाच्या कामात आहे, तेव्हा उन्हाळी यांच्या कागदाविषयी कारखान्याच्या बाजूने थोडे सांगता येईल.

आपल्याकडचा पांढरा सुती हातकागद बहुतांशी होजिअरीच्या कापडाच्या चिंध्यांपासून होतो. त्या बीटरमध्ये कुटल्या जातात, आणि खळ त्या लगद्यातच मिसळली जाते. पूर्वी त्यासाठी राळ आणि तुरटी वापरत, त्यामुळे कागद आम्लधर्मी राहत असे. हल्ली बहुतेक ठिकाणी एकेडी (अल्काइल किटीन डायमर) ही कृत्रिम खळ वापरतात. ती उदासीन किंवा किंचित आम्लारी लगद्यात काम करते, म्हणूनच तिच्याबरोबर खडू टाकणे शक्य झाले. एकेडीची एक खोड अशी की तिचा परिणाम कागद वाळल्याबरोबर पूर्ण दिसत नाही. नेहमीच्या तापमानाला तो काही दिवस वाढत राहतो. कारखान्यातून नुकताच उचललेला कागद म्हणूनच जास्त शोषतो. तोच गठ्ठा महिनाभर कपाटात ठेवून पुन्हा थेंब टाकून पाहिला तर फरक कळतो. ढगांसारख्या डागांचे एक कारण हे असू शकते. दुसरे म्हणजे लगद्यात खळ नीट न मिसळणे, आणि त्यावर ग्राहकाच्या हाती वरून खळ देणे हाच उपाय आहे.

जुने कारागीर कागदाला जीभ लावून खळ ओळखत असत. ओली जागा लगेच पलीकडून पारदर्शक दिसली तर खळ कच्ची. आपण रसायनांच्या सान्निध्यात काम करतो, तेव्हा पाण्याच्या थेंबाने तेच पाहावे. थेंब मिनिटभर तरी गोल बसून राहिला तर लेपासाठी कागद ठीक आहे. तो लगेच पसरून आत मुरला तर लेपही तसाच आत मुरेल, निळा कागदाच्या पोटात बसेल आणि वरून राखट दिसेल. उलट टोकही वाईट असते. थेंब दहा मिनिटांनीही तसाच राहत असेल तर लेप तंतूंना धरणारच नाही, वर सुकेल आणि पहिल्याच पाण्यात सुटून जाईल. अशा कागदासाठी लेपात ट्वीन २० या ओलावा पसरवणाऱ्या द्रवाचा अगदी अल्प अंश टाकतात, म्हणजे द्रावण आत शिरते. कागदाला जितकी जास्त खळ तितके चांगले, हा समज म्हणूनच खरा नाही.

अंधारात उमटणारे सुईच्या टोकाएवढे ठिपके हे खडूचेही नाहीत आणि खळीचेही नाहीत. ते लोखंडाचे आहेत. बीटरची पाती झिजतात, चिंध्यांत हुक आणि बटणांचे अवशेष राहतात, आणि फेरिसायनाइडला लोहाचा तेवढा कणही पुरतो. तीच गोष्ट लोखंडी पट्टी असलेल्या ब्रशची, म्हणून लेपासाठी धातूविना बांधलेला ब्रश किंवा काचेची कांडी घ्यावी. गंजाचे कण काढायचे असतील तर ऑक्झॅलिक आम्ल इतर आम्लांपेक्षा वरचढ आहे, कारण ते गंज विरघळवते. मात्र मोठा धातुकण पात्याच्या टोकाने उचकटून काढण्यावाचून गत्यंतर नाही.

आणखी एक तपासणी दोन मिनिटांची आहे. दुकानदार नोटा तपासायला जो जांभळा दिवा वापरतात, त्याखाली कागद धरावा. होजिअरीच्या चिंध्यांतून आलेली शुभ्रके (कापड अधिक पांढरे दिसावे म्हणून घातलेली रसायने) असतील तर कागद निळसर चमकतो. ही शुभ्रके अतिनील किरण शोषतात आणि काळाबरोबर पिवळी पडतात, त्यामुळे आज लखलखीत दिसणारी पांढरी जागा पुढे तशी राहील याची खात्री नसते. न चमकणारा, किंचित सायीच्या रंगाचा कागद मागून घ्यावा.

दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरला होणारा जुना कागद बोरूने लिहिण्यासाठी खळ देऊन दगडाने घोटलेला असे. घोटणे ही गोष्ट सायनोटाइपवाले विसरूनच गेले आहेत. खळ दिलेला कागद अर्धवट ओलसर असताना गुळगुळीत अकीकाने घोटला तर तंतू बसतात आणि ठशातील बारीक रेषा स्वच्छ येतात. अर्थात हे काम वेळखाऊ आहे, आणि मोठ्या आकारासाठी मी ते कोणाला सुचवणार नाही.

बांधणीवाला

लगदा यांचे म्हणणे पटले, पण निळाईताईंच्या क्रमाविषयी एक शंका आहे. मी पुस्तकबांधणी आणि जुन्या कागदांची दुरुस्ती करतो, त्यामुळे कागदातला खडू काढून टाका असे म्हणताना मला जरा अवघड वाटते. आमचे निम्मे आयुष्य आम्लाने कुरतडलेल्या कागदांत खडू परत घालण्यात जाते. सायनोटाइपसाठी तो काढणे भाग आहे हे मान्य करूनही, त्यानंतर तुरटी घातलेली जिलेटिनची खळ देणे म्हणजे एका आम्लाला घालवून दुसऱ्याला आमंत्रण देणे होय. तुरटी घातलेला कागद कालांतराने ठिसूळ होतो, याचे पुरावे आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येक जुन्या दफ्तरात असतात.

दुसरे असे की अनेकांना जिलेटिन नको असते, कारण ते जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून होते. त्यांच्यासाठी मिथाइल सेल्युलोज हा सरळ पर्याय आहे. १ लिटरला १० ते १५ ग्रॅम पुरते. ते विरघळवण्याची रीत थोडी उफराटी आहे: भुकटी गरम पाण्यात घालून ढवळली की ती फक्त पसरते, विरघळते ती पाणी थंड होऊ लागल्यावर. थंड पाण्यात थेट टाकली तर गुठळ्या होतात आणि त्या रात्रभर सुटत नाहीत. ही खळ कुजत नाही, पिवळी पडत नाही, आम्लधर्मी नाही. तिचा दोष असा की ती पाण्यात पुन्हा विरघळते, त्यामुळे दीर्घकाळ धुतल्यास पातळ होते.

पिष्टमय खळीत आरारूट सर्वांत चांगले. १ लिटरला २० ग्रॅम घेऊन थंड पाण्यात कालवावे, मग ढवळत शिजवावे. पांढुरके पाणी पारदर्शक होऊ लागले की ते तयार झाले. कोमट असताना स्पंजने उभे-आडवे फिरवावे. भाताच्या पेजेची खळ कोणी वापरू नये. तिच्यात मीठ असते, ती आंबते आणि झुरळे कागदावर येतात. बाजारात कपड्यांसाठी मिळणारी तयार पूडही नको, कारण तिच्यात नीळ किंवा सुगंध घातलेला असू शकतो. कागदात आधीच पिष्ट आहे का हे पाहायचे असेल तर टिंक्चर आयोडीनचा थेंब पुरतो. जागा काळसर निळी झाली तर पिष्टाची खळ आहे.

चायना ग्रासविषयी नेहमी विचारले जाते, म्हणून तेही सांगतो. ते साधारण ८५ अंशांच्या पुढे वितळते आणि ३५ च्या आसपास पुन्हा थिजते, त्यामुळे कागदावर सारखे पसरेपर्यंत ते गोठू लागते. मला त्याचा उपयोग पटलेला नाही.

निळाई

बांधणीवाला यांच्या आक्षेपात तथ्य आहे, आणि तुरटी सरसकट सर्वांनी घालावी असे माझे म्हणणे नाही. परंतु आपल्या हवामानात एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. न मुरवलेले, म्हणजे तुरटीने घट्ट न केलेले, जिलेटिन ३० ते ३५ अंशांच्या दरम्यान मऊ पडते. युरोपातील लेखात ‘एकेरी ठशासाठी जिलेटिन घट्ट करण्याची गरज नाही’ असे म्हटलेले असते, ते तिथल्या नळाच्या थंड पाण्याला धरून. एप्रिल-मे महिन्यात आपल्या गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी हाताला चटका देते. त्या पाण्यात ठसा धुतला की जिलेटिन सुटते आणि त्याच्यावर बसलेला निळाही त्याच्याबरोबर निघतो. मग दोष खळीवर येतो, प्रत्यक्षात तो पाण्याचा असतो. ज्यांना तुरटी नको त्यांनी पहाटेचे पाणी वापरावे किंवा आरारुटाकडे वळावे. गमचे (डिंकात कालवून छापायचे) रंग निळ्यावर चढवायचे असतील, म्हणजे तोच कागद पुन:पुन्हा भिजणार असेल, तर मात्र जिलेटिन मुरवल्यावाचून इलाज नाही. जिलेटिनच्या वजनाच्या दहाव्या भागाइतकी तुरटी पुरते. तिच्याहून अधिक घातल्यास द्रावण दाट होऊन दह्यासारखे फाटते.

क्रमाच्या शंकेचे उत्तर असे की आम्लाची आंघोळ स्वतःच कागदाची वरची खळ सैल करते. जिलेटिनची किंवा पिष्टाची वरून दिलेली खळ असेल तर अर्धा तास आम्लात आणि अर्धा तास पाण्यात राहिल्यावर तिच्यातील काही भाग जातोच, आणि कागदाचा पृष्ठभाग लवदार होतो. म्हणून आधी खळ देऊन मग आम्लात टाकणे निरर्थक आहे. लगद्यातच मिसळलेली एकेडी मात्र या आंघोळीने फारशी हलत नाही, आणि अशा कागदाला आम्लानंतर खळ लागतेच असे नाही. गमसाठी कागद आधी आकसवून घ्यायचा असेल तर गरम पाण्यात भिजवण्याचे ते काम सर्वांत आधी करावे, कारण कागद तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त आकसतो आणि पुढच्या प्रत्येक भिजवणीत रंगांची जुळणी चुकू शकते.

जिलेटिनची कृती थोडक्यात अशी. १ लिटर थंड पाण्यात २५ ग्रॅम जिलेटिन घालून ते अर्धा तास फुगू द्यावे, मग परात गरम पाण्यात ठेवून ते ४५ ते ५० अंशांवर विरघळवावे. ६० च्या पुढे नेल्यास त्याची थिजण्याची ताकद जाते. पृष्ठभागावर आलेला फेस वर्तमानपत्राच्या पट्टीने ओढून काढावा. तो राहिला तर प्रत्येक बुडबुडा लेपात एक गोल चट्टा सोडतो, आणि तो निळ्यात ठळक दिसतो. पान दोन-तीन मिनिटे बुडवून परातीच्या काठावर किंवा काचेच्या कांडीवर घासत बाहेर काढावे आणि दोरीवर चिमट्याने टांगावे. जिलेटिन खालच्या कडेकडे उतरते, म्हणून दुसरा थर देताना पान उलटे टांगावे. पावसाळ्यात हा उद्योग पुढे ढकललेला बरा, कारण ओलसर हवेत जिलेटिन दिवसभर चिकट राहते आणि त्यावर बुरशी येते.

उन्हाळी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर एकाच पानाच्या तीन पट्ट्यांत आहे. एक पट्टी जशीच्या तशी ठेवा, दुसरी फक्त आम्लात धुवा, तिसरी आम्लात धुऊन खळ द्या. तिघींवर एकाच द्रावणाचा लेप द्या, एकाच काचेखाली एकाच वेळी उन्हात ठेवा आणि एकाच परातीत धुवा. दुसरी आणि तिसरी सारखीच आली तर खळीचा खटाटोप सोडून द्या.

परदेशस्थ

मी जर्मनीत असतो आणि ज्यांना कागद तयार करण्याची हौस नाही, त्यांच्या वतीने एक वाक्य. हानेम्युले प्लॅटिनम रॅग आणि आर्श प्लॅटीन हे दोन्ही कागद शंभर टक्के सुती असून त्यांत खडूचा साठा मुद्दाम ठेवलेला नसतो, त्यामुळे पाकिटातून काढून थेट लेप देता येतो. किंमत अर्थातच खिशाला जाणवते. नवशिक्याने अशा कागदाचे एखादे पान जवळ ठेवावे असे मला वाटते, कारण ठसा बिघडल्यास रसायने बिघडली आहेत की कागद, हे त्या पानावर लेप दिला की तत्काळ कळते. इथले पाणी मात्र इतके क्षारयुक्त आहे की कागद कितीही चांगला असला तरी धुण्याच्या पाण्यात लिंबूसत्व घालावेच लागते.

उन्हाळी

तीन पट्ट्यांचा प्रयोग केला. पहिली पट्टी पूर्वीसारखीच राखट आणि ढगाळ आली, पांढऱ्या जागी पिवळट झाकही राहिली. दुसऱ्या पट्टीत पिवळटपणा पूर्ण गेला, निळा निःसंशय गडद झाला आणि धुताना पाण्यात फारच थोडा उतरला, पण ढग कायम राहिले. तिसऱ्या पट्टीला आरारुटाची खळ दिली होती. तिच्यात ढग जवळजवळ दिसत नाहीत, आणि गडदपणा दुसरीपेक्षा थोडा अधिक आहे. लोखंडाचे ठिपके मात्र तिन्ही पट्ट्यांवर सारखेच आहेत. सल्फामिक आम्लाचा त्यांच्यावर परिणाम झालेला दिसत नाही.

निळाई

म्हणजे पिवळटपणा आणि वाहून जाणे हे खडूचे, ढग हे खळीचे आणि ठिपके हे बीटरचे. राखटपणाचा मोठा हिस्सा दुसऱ्याच पट्टीत गेला, ही गोष्ट लक्षात ठेवा. आम्ल वगळून नुसती खळ दिली असती तर ढग गेले असते, पण पिवळटपणा राहिला असता आणि तुम्ही खळ वाढवत बसला असता. पुढच्या पानांसाठी आरारुटाचाच दुसरा, अधिक पातळ थर देऊन पाहा. जिलेटिनकडे जाण्याचे काही कारण मला तुमच्या बाबतीत दिसत नाही. ठिपक्यांसाठी त्याच गठ्ठ्यातील पाने लेपापूर्वी तिरप्या उजेडात धरून तपासा आणि ज्या पानांत कण कमी आहेत ती चित्रांसाठी वेगळी काढा. बाकीची चाचणीच्या पट्ट्यांना उपयोगी पडतील.

रसायनी

परदेशस्थ यांनी पाण्याचा मुद्दा काढला तो आपल्याकडे बोअरच्या पाण्यालाही तंतोतंत लागू आहे. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असते आणि ते कागदातून काढलेला आम्लारीपणा धुताना पुन्हा आणून देते. पहिल्या दोन पाण्यांत प्रत्येक लिटरला चमचाभर सायट्रिक आम्ल घालावे, नंतरची धुलाई साध्या पाण्यात आटोपशीर ठेवावी आणि ठसा तासन्‌तास भिजत सोडू नये.

फ्रेम करताना हाच विचार पुढे न्यावा लागतो. फ्रेमवाल्याकडे ‘आम्लरहित’ म्हणून मिळणारा माउंटबोर्ड बहुधा खडू घातलेला असतो. छायाचित्रांसाठीचा खडूविरहित बोर्ड वेगळा मिळतो आणि तो नाव घेऊन मागावा लागतो. तो न मिळाल्यास ठसा आणि बोर्ड यांच्यामध्ये पॉलिएस्टरची पातळ फिल्म घालावी. भिंतीवर लावलेला ठसा उजेडाने किंचित फिका झाला तर घाबरू नये. तो काही दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवला की निळा बराचसा परत येतो. खडूमुळे गेलेला निळा मात्र अंधारात ठेवूनही परत येत नाही.

बांधणीवाला

फिल्म घालणार असाल तर तिच्या कडा चारही बाजूंनी बंद करू नका. कोकणातल्या किंवा मुंबईच्या हवेत आत अडकलेल्या ओलाव्याने आरारुटाच्या खळीवर पहिल्याच पावसाळ्यात बुरशी येईल. दोन बाजू उघड्या ठेवा.